चिनी बाईचा सातबारा

चिनी भाषेचं एक अक्षर येत नसताना आख्खी चिनी कादंबरी रोज तासभर मराठीतून सांगणारा माणूस त्या काळच्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझा मधला मामा होता. यात मी तिखटमीठ लावत नाही. शंका असेल त्याने बोईसरच्या त्या चाळीत जाऊन विचारावं, म्हणजे विचारायला तिथं कुणी उरलं असेल तर. मामा मूळचा शिरगावचा. पंचवीस वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. एक दिवस पहिल्या पाळीला गेला तर गेटला कुलूप आणि कुलपाच्या वर नोटीस. तेव्हा त्याचं वय बावन्न. कारखाना बंद झाला पण मामाची पाळी काही बंद झाली नाही. पहाटे पाचला उठायचं, आंघोळ करायची, इस्त्रीची खाकी पँट चढवायची आणि दारासमोर खुर्ची टाकून बसायचं. "सुरू झाला तर लगेच निघता यायला हवं," असं तो मला अगदी गंभीरपणे सांगायचा. वसाहतीतल्या कामगारांचे वीस-बावीस डबे करून मामी घर ओढत होती. एकदा मामा मदतीला म्हणून कांदे चिरायला बसला, तर मामी म्हणाली, "ठेवा ते. तुमची सालं निघेपर्यंत माझी भाजी शिजंल." ती वाईट नव्हती हो, तिला घाई होती. पण त्या दिवसापासून मामा पुन्हा स्वयंपाकाच्या बाजूला फिरकला नाही. चाळीत पाण्यावरून बैठक झाली तर त्याला बोलावणं नसे. त्याला कुणी काही विचारतच नसे. घरी बसलेल्या पुरुषाला आपल्याकडे फक्त एक प्रश्न विचारतात, "मग, काही कळलं का?" आणि उत्तराची वाटही बघत नाहीत.

मग केबल आली. केबलवाल्याने समोरच्या गच्चीवर भलीमोठी छत्री उभी केली आणि चाळीत पाच चॅनेल उतरले. त्यातला एक चिनी. सगळं बोईसर तो चॅनेल ओलांडून पुढे जायचं. मामा मात्र तिथेच थांबला. संध्याकाळी साडेसहाला एक मालिका लागायची. सुरुवातीला एका जुन्या पुस्तकाची पानं उलटत जायची, त्यामुळे मामाने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "ही पोथी हाय. कुणीतरी बसून लिवलेली हाय. उगाच कायपन नाय." पोथी म्हटल्यावर मग त्याची शिस्त काय विचारता! सव्वासहाला हातपाय धुवायचे, धुतलेला शर्ट घालायचा, खुर्ची पडद्यापासून मोजून चार पावलांवर. आवाज मोठा. मी एकदा म्हटलं, "मामा, शब्द तर कळत नाही, मग आवाज कशाला?" तर माझ्यावरच डाफरला, "आवाज बारीक केल्यावर कळंल कसं?" भाषेचं त्याला बिलकुल भय नव्हतं. "पंचवीस वर्सं मी प्रेशरचे काटे वाचले," तो म्हणायचा. "काटा कधी मराठी बोलला? पन काय होनार हाय ते मला आधी कळायचं. मानसाच्या तोंडाकडे नीट बघितलं ना, की काटा दिसतो."

तर या काट्यांवरून मामाने जी गोष्ट वाचली ती अशी. मालिकेत पांढऱ्या कपड्यांतली, मोकळ्या केसांची एक देखणी बाई होती. पांढरे कपडे आणि कपाळ मोकळं म्हणजे विधवा, यात चाळीतल्या कुणालाच संशय आला नाही. तिच्या मागेमागे तलवार घेऊन फिरणारा रागीट तरुण म्हणजे धाकटा दीर, तिनेच लहानाचा मोठा केलेला. नवरा मेल्यावर गावातल्या मोठ्या लोकांनी तिची जमीन लाटली होती आणि दाद मागायला ती दिराला घेऊन डोंगर चढत होती. डोंगरावर कमरेपर्यंत दाढी असलेला एक म्हातारा बसायचा. तो वरचा साहेब. तो गुंडाळी उलगडून वाचायचा तो सातबारा. माणसं हवेतून उडत जायची. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही मानसं उडतात कशी हो?" मामा शांतपणे म्हणाला, "ती हापिसातली मानसं हायत. आपल्याला चढून जायला लागतं." एकदा म्हाताऱ्याच्या बोटातून वीज निघाली आणि बाई धाडकन दरीत पडली. सगळी मंडळी घाबरून मामाकडे बघायला लागली. मामाने क्षणभर डोळे मिटले. "अर्ज फेटाळला," तो म्हणाला. "परत करायला लागंल."

हसू नका. त्या खोलीत बसलेल्या निम्म्या माणसांच्या घरची जमीन वसाहतीत नाहीतर रस्त्यात गेली होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाने असा डोंगर एकदा तरी चढलेला होता. महिन्याभरात साडेसहाला मामाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. डबा न्यायला येणारे बिहारी कामगार उंबऱ्यात उकिडवे बसायचे. "मामाजी, बेवा को जमीन मिलेगी ना?" असं विचारायचे, आणि मामा हिंदीत आश्वासन द्यायचा, "मिलेगा. पर टाइम लगेगा. ऊपर का मामला हाय." आणि मामी! जी मामी दिवसभरात त्याच्याशी चार वाक्यं बोलत नसे, ती परात घेऊन त्याच्या खुर्चीपाशी येऊन बसायची आणि कणीक मळता मळता विचारायची, "अहो, दीर फिरंल का हो तिच्यावर?" मामा म्हणायचा, "नाय फिरनार. आईवानी वाढवलंय तिनं." दिवसाचे तेवीस तास तो माणूस कुणाच्या खिजगणतीत नव्हता. एक तास होता. तेवढ्यावर तो बाकीचे तेवीस काढायचा, आणि हे मला दिसत होतं. न दिसायला मी काय आंधळा होतो? डिप्लोमाची दोन वर्षं मी त्याच खोलीत राहून मामीच्या हातचं जेवलो होतो.

पण मला वसाहतीतच नवीन नोकरी लागली होती आणि इंग्रजी बोलायची संधी मिळत होती. आमच्या कारखान्यात एक मशीन बसवायला तैवानहून एक इंजिनियर आला होता. मी त्याला एका शुक्रवारी, म्हणजे वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी, मामाकडे जेवायला नेलं. मालिका चुकू नये म्हणून मुद्दाम सहालाच पोचलो. मनातलं सांगतो, मला गंमत बघायची होती. मामाला कोण आनंद! त्याने स्वतःची खुर्ची पाहुण्याला दिली, मामीने सातपाटीहून पापलेट मागवलेलं, आणि सगळी चाळ जमल्यावर मामा मला म्हणाला, "विचार रे पावन्याला. चीनचाच मानूस हाय. म्हनावं, बाईला शेवटी सातबारा मिलतो का?"

मी विचारलं. तो बिचारा गोंधळला. सातबारा म्हणजे काय ते मी समजावलं, मग मामाची सगळी गोष्टच सांगितली. तो ऐकता ऐकता हसला आणि त्याने खरी गोष्ट सांगितली. मालिका ज्या कादंबरीवरून केली होती ती त्याने शाळेत असतानाच वाचली होती. ती बाई विधवा नव्हतीच, हजार वर्षांचं भूत होती. दीर हा दीर नव्हता; तिने त्याच्या बापाला मारलं होतं आणि तो तिला ठार करायला मागावर होता. म्हातारा तिचा गुरू, गुंडाळीत अमर व्हायचा मंत्र. जमिनीचा काही संबंधच नव्हता. मी एकेक वाक्य मोठ्याने मराठीत सांगत होतो आणि प्रत्येक वाक्याला खोलीत हशा पिकत होता. काकू डोळ्याला पदर लावून हसत होत्या. "मामाजी, आपने तो भूत को बेवा बना दिया!" उंबऱ्यातून कुणीतरी ओरडलं. मामाही हसला. आधी हसला, मग हसत राहिला, आणि मग त्याने हात लांब करून टीव्हीचा आवाज बारीक केला.

यानंतर पाहुणा आणखी काहीतरी म्हणाला. तो म्हणाला, "पुस्तकात ती बाई शेवटी मरते, मला लहानपणी फार वाईट वाटलं होतं. तुझ्या मामांची गोष्ट जास्त चांगली आहे. त्यांना म्हणावं, मला पुढचं ऐकायचंय." एवढं मात्र मी मराठीत सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. सगळी खोली त्या वेळी माझ्याकडे बघत होती, आणि मला ते सोडवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला चार माणसं आली, तिसऱ्या दिवशी एकही नाही. आठवडाभर मामाने एकट्याने मालिका बघितली, तोंडातून अक्षर न काढता. मग एक दिवस त्याने खुर्ची उचलून परत दाराबाहेर नेली. मामीने परात ओट्यावर ठेवली. मी गेलो तेव्हा ती माझ्याकडे न बघताच बोलली, "तुला खरं सांगायची एवडी हौस व्हती, तर कारखाना आता सुरू व्हनार नाय, हे का नाय सांगितलंस त्यांना? ते सांगायला जीभ नाय उचलली तुजी."

पुढे केबलवाल्याने तो चॅनेलच काढून टाकला. मामाने खाकी पँट घालायची सोडली तेव्हा मामीला बरं वाटलं, मला नाही वाटलं. पाच-सहा वर्षांनी एकदा धीर करून मी त्याच्याजवळ बसलो आणि पाहुण्याचं ते राहिलेलं वाक्य शब्द न् शब्द सांगितलं. मामाने सगळं ऐकून घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला. "भला मानूस व्हता तो," तो म्हणाला. "पन हे तू आता बनवून सांगतोस रे. समजूत घालतोस माझी." मी आईची शपथ घेतली, तरी तो नुसता हसला. शेवटी मी हट्टालाच पेटलो. म्हटलं, "ते जाऊ दे मामा. तुझ्या गोष्टीत काय होतं ते तरी सांग. मिळाली का तिला जमीन?"

मामाने समोरच्या गच्चीवरच्या छत्रीकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतो.

"ती भूत हाय ना रे," तो मायेने म्हणाला. "भुताला कशाला लागते जमीन?" आणि त्याने मामीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.