काचेतलं पांढरं

पडाव मालवणच्या बंदरातून आगबोटीकडे निघाला तेव्हा आई किनाऱ्यावर उभी राहून रडत होती, पण माझ्यासाठी नव्हे. माझ्या वाट्याला आल्या नुसत्या सूचना. "तू मोठी आसस. तिका मिठाचो कण लागाक देव नको." ती म्हणजे माझी धाकटी बहीण शशी, नऊ वर्षांची. मी चौदाची. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आमच्या तोंडवलीची माणसं मुंबईला समुद्रानंच जायची.

तिच्या दुखण्याचं आधी कौतुकच झालं. पावसाळा सरता सरता तिचे गाल फुगले. "चेडू बरां भरलां गो तुझां," शेजारणी आईला म्हणायच्या आणि मी आरशात माझी गालफडं बघून जळायचे. आईनं खूश होऊन तिला आणखी सुके बांगडे, आणखी खारातली कैरी वाढली. मग एका सकाळी तिचे डोळेच उघडेनात. पायातले वाळे सोनाराकडून कापून घ्यावे लागले. मालवणच्या डॉक्टरांनी तिची लघवी तापवून दाखवली, तर ती अंड्यातल्या पांढऱ्यासारखी गोठली. मूत्रपिंडातून प्रोटीन वाहून जातंय, मुंबईला न्या, म्हणाले. बाळसं नव्हतं ते, सूज होती.

काका मुंबईत गोदीत कामाला होते, परळला त्यांची एक खोली. शशीसाठी दवाखान्याच्या गोळ्या, अळणी पेज, दूध, रोज एक अंडं. अंडं फक्त तिलाच. माझी सातवी सुटली, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा वापरायला शिकवलं. सकाळची पहिली लघवी नळीत घ्यायची, वरचा भाग तापवायचा, आम्लाचे दोन थेंब टाकायचे. पांढरं राहिलं तर प्रोटीन जातंय. काका कामावर निघताना दारातून विचारायचे, "काय गो, काय दिसलां?"

सलग दहा दिवस नळी स्वच्छ राहिली की गोळ्या कमी करू, मग गावी न्या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्वच्छ नळीच्या नवव्या दिवशी काका काकीला म्हणाले, "शशीक धाडूया. मोठी हयच रवांदे." काकीला दिवस गेले होते, हाताखाली कुणीतरी हवं होतं. जिच्यासाठी मला आणलं ती आईकडे जाणार, आणि मी परक्या चुलीपाशी.

दहाव्या दिवशी नळी अगदी स्वच्छ होती. "पांढरां," मी काकांना सांगितलं. आणखी तीन दिवस तेच सांगितलं. पांढरं म्हणजे गोळ्या कमी होणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्या गोळ्यांनी तिचा चेहरा वाटोळा झाला होता, झोप उडाली होती. तरीही सांगितलं.

चौथ्या सकाळी मी नळी धूत होते, तेव्हा शशी जवळ येऊन हळूच म्हणाली, "माका दिसता गो ताई, पांढरां येणा नाय. तू सांगशीत तेवाच मी जातलंय. हय तू एकटी कशी रवतलंस?"

नऊ वर्षांची पोर माझ्यासाठी जास्तीच्या गोळ्या गिळत होती. मला रडू आलं, पण त्याआधी तिच्या चांगुलपणाचाही मत्सर वाटला. संध्याकाळी काका आल्यावर खरं सांगून टाकलं. त्यांनी काय ऐकवलं ते लिहीत नाही.

शशी गेली, मी राहिले. लग्नानं दादरला आले. तिला पुढं दोनदा सूज आली, दोन्ही वेळा गोळ्यांनी उतरली. तिला तोंडवलीतच दिली. आई तिच्या हाकेच्या अंतरावर, ताजं मासळीचं टोपलं दारात. तिला माझ्या नळाच्या पाण्याचा हेवा वाटतो, असं पत्रात लिहिते. मला हसूच येतं.

दर मे महिन्यात मी जाते. पोचल्या पोचल्या ती न सांगता पाय पुढं करते आणि मी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरते. सूज असली की तिथं खळगा राहतो. गेली चार वर्षं राहिलेला नाही. मला हायसं वाटतं, आणि तिच्यामागे आईचं दार दिसलं की पुन्हा जळफळाटही होतो. दोन्ही तिला माझ्या तोंडावर दिसतं. तरी ती पाय मागं घेत नाही. माझं घर म्हणाल तर तेवढंच.