थंडीत धरलेली कळी

गच्चीतल्या कुंडीत टोमॅटोला एक भलंमोठं फूल आलं होतं. माझ्या नवऱ्याला कोण आनंद! मी जवळून पाहिलं, तर ती तीन-चार फुलं होती, एकमेकांना चिकटलेली. आता त्याचं फळ झालंय. वेडंवाकडं, चुण्या पडलेलं, खालून तपकिरी व्रण असलेलं.

"पाणी कमी पडलं का गं?" निवृत्त झाल्यापासून ते सारखं काहीतरी विचारतात. माझं जेवण, माझी झोप.

"पाणी नाही. कळी धरत होती तेव्हा थंडी फार होती."

कळी डोळ्यांना दिसतही नसते, तेव्हाच गारठा तिला बाधतो. पुढे फूल उमलतं, फळ लालही होतं, पण तो बिघाड त्याच्याबरोबर वाढत राहतो. लग्नानंतरची कितीतरी वर्षं हे ताटावरून एक शब्द न बोलता उठायचे. आता सकाळचा चहा आणून देतात, शेजारी बसतात, आणि माझ्या आत काहीच हलत नाही.

त्यांनी कुंडी उन्हात सरकवली. "आता येतील ना चांगले?"

"नवे येतील ते चांगले येतील," मी म्हटलं.

रोपापुरतं ते खरं होतं.