कोर्टात न घेतलेला उखाणा

आमच्या सासरच्या वाडीत आता तंबू लागतात. मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पदरात मूठभर घरांची ती वाडी. सुट्टीच्या दिवशी डोंबिवली-ठाण्याची मंडळी तिथे चुलीवरची भाकरी खायला येतात आणि तोंडी लावायला त्यांना आमच्या घरातला खून ऐकवला जातो. परवा नातीने हौसेने मला नेलं, तर पर्यटकांना फिरवणारा गृहस्थ दरीकडे बोट दाखवून सांगत होता, की साक्षीदार बाईने ठाण्याच्या कोर्टात चक्क उखाण्यात खुन्याचं नाव घेतलं. ऐकणारे खूश. मला राहवेना.

"अहो, उखाणा घेतलाच नव्हता. मला माहीत आहे, कारण तो मी रचला होता."

ती साक्षीदार म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो. मारला गेला तो त्यांचा पुतण्या, माझा चुलत दीर. माझ्या लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढणारा. झऱ्याच्या पाण्यावरून त्याचं वाडीतल्याच एकाशी बिनसलं होतं. दोघे बरोबरीचे, लहानपणी एकत्र गुरं राखलेले. एका धुक्याच्या सकाळी काकी गवताचा भारा घेऊन वरच्या वाटेने येत होत्या, तेव्हा खालून त्यांना पुतण्याचा आवाज आला. एक नाव, आणि त्यापुढे "मारू नको रे". धुक्यात दिसलं काहीच नाही. म्हणजे काकींची साक्ष ती काय, तर ऐकलेलं एक नाव. केसमध्ये दुसरं धड काही नव्हतं.

आणि नेमकं तेच नाव आमच्या काकांचं. वाडीत त्या नावाचे दोनच पुरुष, एक काका आणि एक तो.

नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी काकींची पक्की समजूत. पोलिसांनाही त्यांनी "आमच्या मालकांच्या नावाचा" एवढंच सांगितलेलं. सरकारी वकील म्हणाले, कोर्टात असं चालणार नाही, ऐकलं तसं तोंडाने सांगावं लागेल. शिवाय नाव घेतलं की समोरचा वकील ते काकांच्याच गळ्यात बांधणार, हेही सगळ्यांना दिसत होतं. नाही घेतलं तर पोराला मारणारा सुटणार आणि उद्यापासून दारावरून मिशीला पीळ देत जाणार.

साक्षीच्या आदल्या दिवशी दोघे ठाण्याला आमच्या भाड्याच्या खोलीवर उतरले. मी तेव्हा नवी नवरी, मॅट्रिक पास आणि अकलेने थेट सरन्यायाधीश. चाळीतल्या हळदीकुंकवाला माझ्या उखाण्यांना भारी मागणी. मग कायद्यातली ही अडचण माझ्याशिवाय कोण सोडवणार? उखाण्यात नाव घेतलं तर दोष लागत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. भाजी चिरता चिरता मी रचून मोकळी झाले. नावाची जागा रिकामी ठेवून सांगते:

"कड्यावर फुलली कारवी, पायथ्याशी झरा,
…रावांनीच केलं, हा जबाब माझा खरा."

खुन्याला राव! पण यमक जुळलं होतं ना. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं, "छान आहे हो," म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या. ती मला शाबासकी वाटली. दुसऱ्या दिवशी लग्नातली जांभळी साडी नेसून, गजरा माळून मी कोर्टात. जणू बक्षीस समारंभ माझाच.

सरकारी वकिलांनी विचारलं, काय ऐकलंत? मागच्या बाकावरून मी ओठ हलवतेय, "कड्यावर… कड्यावर…" शिपायाने डोळे वटारले. माझ्या शेजारी काका मान खाली घालून टोपी कुस्करत बसलेले. काकींनी पदर सारखा केला, सरळ न्यायाधीशांकडे पाहिलं आणि ते नाव घेतलं. राव नाही, काही नाही. दिराने जशी हाक मारली होती तशीच, एकेरीत.

समोरचा वकील हसत उठला. तुमच्या यजमानांचं नाव काय? काकींनी तेही सांगितलं. मग पुतण्याने यजमानांनाच हाक मारली नसेल कशावरून, असं त्याने विचारलं. काकांच्या हातातली टोपी थांबली.

"साहेब, तो ह्यांचा पुतण्या," काकी म्हणाल्या. "बोलायला लागल्यापासून ह्यांना काका म्हणत आला. मरताना नावानं हाक मारेल?"

न्यायाधीशांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि उतरवून घेतलं. त्यानंतर वकिलाने धुक्याबद्दल, अंतराबद्दल बरंच विचारलं, पण त्याचा आवाज बसला तो बसलाच. पुढे आरोपीला जन्मठेप झाली. निकालात काकींचं ते वाक्य जसंच्या तसं आलंय, असं वकिलांनी मुद्दाम घरी येऊन सांगितलं. ती माझी सासू, हे मी तेव्हा अख्ख्या चाळीला सांगितलं, अजूनही सांगते.

कोर्टाबाहेर मात्र मी फुगले होते. माझा उखाणा वाया गेला ना!

"अगं, उखाणा कौतुकानं घ्यायचा असतो," काकी म्हणाल्या. "त्या मेल्याचं कसलं कौतुक?"

काका हळूच म्हणाले, "मग घरीपण नावानं हाक मारणार का?"

"कोर्टानं विचारलं तर."

काकींनी त्यानंतर कितीतरी सोमवार धरले, काकांच्या आयुष्यासाठी. काका जगलेही चांगले ठणठणीत. माझ्या लेकीच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला थांबवून सांगत होते, माझं नाव हिने भर कोर्टात घेतलंय. दोनदा.