परातीत सरळ धावणारी गोळी

आमच्या अण्णांनी आयुष्यात माणसं फारशी पारखली नाहीत. सून बघायलाही ते जावं लागतं म्हणून गेले. पण बंदुकीची गोळी मात्र त्यांनी न पारखता कधी नळीत घातली नाही. आजोबांकडून आलेली ठासणीची बंदूक होती ती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर तेलात भिजवलेली चिंधी आणि गोळी गजाने ठासायची, मग मागे ठिणगी देणारी टोपी बसवून घोडा ओढायचा. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुक्कर चाकणला पोचतं, असं आई म्हणायची. म्हणूनच अण्णांचा सगळा जीव त्या एका गोळीत असे.

कुरुळीत आमची आता दीड एकर उरली आहे. दोन्ही बाजूंना कंपन्या, समोर ट्रकांचा रस्ता, मागे कुणीतरी घेऊन ठेवलेले आणि वेड्या बाभळींनी भरलेले प्लॉट. डोंगरातली डुकरं कधीच त्या प्लॉटांत राहायला आली. दिवसा बाभळीत झोपायचं, नाल्याचं पाणी प्यायचं आणि पहाटे आमच्या भुईमुगात शिरायचं, अशी त्यांची शिफ्ट ठरलेली. पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना अण्णांच्या नावावर होता आणि डुकरांपुरती वनखात्याची परवानगीही त्यांनी काढली होती. त्या पिकावर घर चालत होतं असं नाही. धाकट्या भावाचा पगार होता, मागच्या खोल्यांचं भाडं येत होतं. पण शेत पेरल्याशिवाय अण्णांना चैन पडत नसे आणि पेरलेलं कुणी उकरलेलं त्यांना सहन होत नसे.

गोळ्या ते घरीच ओतत. टायरवाल्याकडून चाकांना लावायची शिशाची वजनं आणायची, अंगणातल्या चुलीवर लोखंडी पळीत वितळवायची, वरची मळी काढून टाकायची आणि चिमट्यासारख्या साच्यात ओतायची. शिशाचा धूर वाईट, तू लांब बस, असं म्हणत म्हणत त्यांनी ते सगळं मलाच शिकवलं, कारण धाकटा विस्तवाला भ्यायचा. मी लग्न होऊन दिघीला गेले तरी हे काम माझ्याकडेच राहिलं. आई गेल्यावर तर माझा प्रत्येक रविवार कुरुळीतच जाऊ लागला.

गोळ्या थंड झाल्या की त्यांची परीक्षा. पितळी परात किंचित कलती धरायची आणि एकेक गोळी वरून सोडायची. आत पोकळी राहिलेली गोळी डुलत डुलत काठाला जायची. ती परत पळीत. सरळ खाली आली ती पास. मग चिंधीसकट नळीच्या तोंडावर ठेवून अंगठ्याने दाबायची. सैल बसली तरी नापास आणि अडकून बसली तरी नापास. ढीगभर ओतल्या तर मूठभरच त्यांच्या पसंतीला उतरत. बारीक छर्रे भरून डुकरांवर बार काढणारे गावात होते, त्यांचा अण्णांना भयंकर राग. “छर्रा डुकराला खाजवतो, मारत न्हाई,” ते म्हणायचे. “गोळी लागल्याव जनावरानं दुसरं पाऊल टाकाय नगं. टाकलं तर चूक आपली.”

गेल्या भाद्रपदात टायरवाल्याने दिलेली वजनं शिशाची नव्हतीच. दिसायला तशीच, पण हल्ली ती भलत्याच कसल्या धातूची करतात. पळीत ती वितळता वितळेनात, आणि जी वितळली त्यांच्या गोळ्या खडबडीत, भोकाभोकांच्या निघाल्या. परातीत एकही सरळ आली नाही. मी म्हटलं, भोसरीत भंगाराच्या दुकानात चांगलं शिसं मिळतं, पुढच्या रविवारी येताना घेऊन येते.

“तवर पीक ऱ्हातंय व्हय?” अण्णा म्हणाले. भुईमूग भरत आला होता आणि आदल्या पहाटेच डुकरांनी बांधाकडची सगळी पट्टी उकरली होती.

तेवढ्यात धाकटा बाहेर आला. तो बेअरिंगच्या कंपनीत आहे आणि त्या कंपनीत होतं ते जगात सगळ्यात भारी असतं, अशी त्याची ठाम समजूत. त्याने खिशातून चार-पाच चकचकीत पोलादी गोळ्या काढून परातीत टाकल्या. “अण्णा, ह्या बगा. रिजेक्टच्या डब्यातल्या हायत. साईज तुमच्या साच्याचीच.” कंपनीने नापास केलेली ती गोळी अण्णांनी हयातीत ओतलेल्या कुठल्याही गोळीपेक्षा गोल होती.

अण्णांनी एक उचलून तळहातावर जोखली. “हलकी हाय,” ते म्हणाले.

“पोलाद हाय अण्णा. चेपायचं न्हाई, फुटायचं न्हाई.”

धाकटा खोटं बोलत नव्हता. चेपत नाही हीच तर तिची खोड होती, पण ते त्या अंगणात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. अण्णांनी परात कलती धरली आणि गोळी सोडली. रेघ ओढावी तशी ती सरळ खाली आली. त्यांनी पुन्हा सोडली, मग तिसऱ्यांदा. “आशी गोळी म्या जलमात बगितली न्हाई,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो आठवला की मला अजून कसंतरी होतं. परात बिचारी फक्त गोलाई सांगायची. गोळी मऊ की कडक, हे तिला कधी विचारावंच लागलं नव्हतं. गोळी म्हणजे शिसं, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशीची रजा टाकून मी कुरुळीत राहिले होते. उजाडता उजाडता बार झाला आणि मी चहाचं आधण तसंच ठेवून शेतात पळाले. अण्णा बांधावर धुरात उभे होते. समोर काहीच पडलेलं नव्हतं.

“लागली,” ते म्हणाले. “खांद्यामागं लागली. म्या बगितली लागताना. पडाय पायजे हुतं.”

शिशाची गोळी आत शिरली की पसरते आणि जनावर जागच्या जागी बसतं. ही मात्र सुईने कापड टोचावं तशी आरपार निघून गेली होती. जमिनीवर रक्तही फारसं नव्हतं. इथे एक थेंब, तिथे ओलं पान, असं शोधत आम्ही कंपनीच्या भिंतीपर्यंत गेलो. भिंतीखालून पावसाच्या पाण्याचा मोठा पाइप जातो, त्याच्या तोंडाला रक्त लागलं होतं. आणि आतून, भंगार टाकतात त्या बाजूच्या गवतातून, आवाज येत होता. लहान मूल कण्हतं तसा आवाज होता तो. एवढ्या दांडग्या जनावराचा असा आवाज असेल हे मला माहीत नव्हतं.

मी बंदूक गोणपाटात गुंडाळून घरी नेऊन ठेवली. परत आले तेव्हा अण्णा कंपनीच्या गेटवर होते आणि लातूरकडचा एक पन्नाशीचा सिक्युरिटीवाला त्यांना समजावत होता.

“माजं डुक्कर हाय आत,” अण्णा सांगत होते. “म्या मारलंय, पन आजून जित्तं हाय. निस्ता कोयता घिऊन जातो. त्येला मोकळं करतो आन् लगीच भाईर यीतो.”

“कोयता घेऊन कंपनीत? माजी नोकरी जाईल की ओ बाबा.” तरी त्याने आत फोन लावला. बाहेरच्या माणसाला सोडायचं नाही, कुणाला तरी कळवलं आहे, ते येऊन बघतील, असं उत्तर आलं. मी फोन मागून घेतला. आधी चांगल्या मराठीत बोलले, मग हिंदीत, मग चढ्या आवाजात. तिन्ही वेळा उत्तर तेच होतं.

त्या दिवशी कुणी आलं नाही. अण्णा भिंतीला पाठ लावून बसून राहिले. मी भाकरी नेली, ती तशीच फडक्यात राहिली. मधेच आवाज थांबायचा. अण्णा घाईने उठून उभे राहायचे, भिंतीला कान लावायचे. आवाज पुन्हा सुरू झाला की खाली बसायचे. तो भुईमूग मी स्वतः वाकून पेरला होता, डुकरांवर माझा दात होता. पण दुपारनंतर मीही मनात हात जोडून म्हणत होते, मर रे बाबा, मर आता.

धाकटा कामावरून सुटल्यावर तिथेच आला. त्याला रडू फुटत होतं. “माज्यामुळं झालं, अण्णा.”

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “तू आणलीस,” ते म्हणाले. “निवडली म्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी संपवून तो सिक्युरिटीवाला घर विचारत आमच्याकडे आला. “गेलं ओ बाबा,” म्हणाला.

“कवा?”

“आताच. मी निघायच्या टायमाला.”

मी रजा वाढवून थांबलेच होते, त्याला चहा दिला. अण्णांनीही कप हातात घेतला आणि त्या परक्या माणसासमोर ते हमसून हमसून रडायला लागले. तो बिचारा गांगरून उठला. “जनावर होतं बाबा, माणूस नव्हतं,” असं काहीबाही बोलत त्याने चपला घातल्या. मला अण्णांचा राग आला, धाकट्याचा आला, त्या कंपनीच्या भिंतीचाही आला, आणि त्यातल्या कुठल्याच रागाचा उपयोग नव्हता.

रविवारी मी भोसरीहून शिसं आणलं. मऊ, नखाने ओरखडा उठेल असं. अण्णांनी ते हातात घेऊन पाहिलं, चांगलं आहे म्हणाले आणि देवळीत ठेवून दिलं. चूल काही पेटवली नाही. राखण मात्र सोडली नाही. दारू भरायचे, चिंधी ठासायचे आणि नुसताच बार काढायचे. मी एकदा विचारलं, “अण्णा, गोळी?” ते म्हणाले, “न्हाई आता.”

सुरुवातीला डुकरं आवाजाला पळाली. मग बाभळींपर्यंत जाऊन परत यायला लागली. एका संध्याकाळी चांगल्या उजेडात, पिलांसकट शेतात शिरली. अण्णांनी बार काढला तेव्हा मी शेजारीच होते. डुकरांनी माना वर केल्या, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उकरायला लागली.

“दुसरा भरू का?” मी विचारलं.

“नगं,” अण्णा म्हणाले. “त्यास्नी कळलंय.”

मग आम्ही दोघं बांधावर बसलो आणि त्यांचं खाणं होईपर्यंत बघत राहिलो.