मागचं मळकं पान

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी दुसरबीडला बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर होतो. स्लॅबमध्ये लोखंड किती घालायचं ते सांगणारं मानकांचं पुस्तक चार कचेऱ्यांत मिळून एकच होतं. एक म्हातारा शिपाई ते सायकलवरून या कचेरीतून त्या कचेरीत न्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तेव्हा मी फारच साहेब होतो.

जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं पुस्तक तो दोन्ही हातांनी पुढे करायचा आणि त्यातले तक्ते मी उतरवून घेईपर्यंत दाराशी उकिडवा बसून राहायचा.

त्या दिवशी बीबी गावच्या रस्त्यावरच्या मोरीचं काम होतं. आकडे उतरवून मी पुस्तक मिटलं, तरी तो उठेना.

“साहेब, मागचं मळकं पान पाह्यलंच नाही तुमी. सारे साहेब तिथं थांबतेत.”

मी वैतागूनच पान उघडलं. तिथे दुरुस्तीची चिठ्ठी डकवलेली होती. मी उतरवलेला आकडा तिच्यात बदलला होता. माझ्या मोरीत लोखंड कमी पडलं असतं.

माझा आवाजच खाली आला. “बाबा, तुम्हाला वाचता येतं?”

“नाही जी. बोटांचे डाग तं दिसतेत ना.”

नवा आकडा उतरवताना माझ्याही शाई लागलेल्या अंगठ्याचा ठसा त्या पानावर उमटला. ओशाळून मी रुमाल काढला, तर त्याने हळूच माझा हात धरला.

“राहू द्या साहेब. पुढच्याले दिसन.”