गावाचं म्हणणं

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे, हे एक सोडून. आता तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते मलाही नीट कळत नाही. ओझं आहे, उतरवतोय, एवढंच समजा.

मी सुरगाण्याकडचा. आश्रमशाळेतून सातवीत पळालो, जीपच्या टपावर बसून नाशिकला आलो आणि एका छापखान्यात कागद दुमडायला लागलो. मालकांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी माळ्यावर झोपायला जागा दिली. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून उसाचा रस आणि मऊ भात येत होता. त्या माणसाबद्दल वाईट शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष शोधू नका — मी शोधून पाहिलाय, सापडत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गावाखालच्या नदीवर धरण बांधायचं घाटत होतं. पाणी शहराकडे जाणार, आमच्या खालच्या पाड्याची भाताची वावरं बुडणार. नाशिकमध्ये त्याविरुद्ध सभा ठरली. आप्पा म्हणाले, "आम्ही शहरातलेच बोलत बसणार का? गावचा माणूस हवा. तू बोल."

मी गावी जाऊन विचारून आलो. हे जरा नीट ऐका — कारण सगळं यातच आहे. गाव तीन दिवस बसलं, भांडलं. माझ्या मामांचं वावर खालच्या पाड्यात, अगदी नदीला लागून. त्यांनी दोरी घेतली आणि पाणी जिथवर चढेल तिथल्या झाडांना चिंध्या बांधून दाखवल्या. मग तेच म्हणाले, "माझं जाईल, जाऊ दे. पण भिंतीची उंची दोन पुरुष कमी करा, बाकीच्यांचं वाचंल. आन वरच्या पाड्याला पंपानं पाणी द्या. बाया झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत्यात." ज्यांची वावरं जातील त्यांना वरच्या पाड्यानं आपल्यातला तुकडा तोडून द्यायचा, हेही ठरलं. मामी रडत होती, पण नको असं ती म्हणाली नाही. माझी बहीण वरच्या पाड्यात दिलेली.

मामांनी सांगितलं, मी लिहिलं. पानभर झालं. "तूच लिवलंस, तूच वाच," मामा म्हणाले, "मधी तुझी अक्कल नको घालू." सगळे हसले.

सभेत माईक समोर आला. शाळा सोडून पळालेला माणूस मी, समोर शे-दीडशे शिकलेले. आणि मला रडू आलं. घाबरून आलं हो — धरणाचा त्यात काही संबंध नव्हता. पण सगळं सभागृह माझ्याकडेच बघायला लागलं. पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. तुम्हाला कधी झालंय असं? माणसं इतक्या मायेनं बघतायत, की कागद काढून वाचायला लागलो तर ती माया आटेल असं वाटणं?

कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, "आम्हाला काही नको. आमच्या डोंगरात, आहोत तसं राहू द्या." गावात असं एकही माणूस म्हणालं नव्हतं.

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक गृहस्थ उठले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हातात उघडी वही. "भिंतीची उंची कमी केली तर चालेल का? गावाचं काही म्हणणं आहे?" आवाज अगदी हळू होता. कुणीतरी म्हणालं, "अहो साहेब, पोरगा रडतोय आणि तुम्ही फूटपट्टी काढलीत?" दुसरा म्हणाला, "काळीज खात्यातच जमा करून आलेत." लोक हसले. ते गृहस्थ हसणाऱ्यांकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत उभे होते.

मी मान हलवली. नाही — काही म्हणणं नाही.

त्यांनी वही मिटली. त्या दिवशी आमच्यासाठी रडले पुष्कळ. विचारलं त्या एकट्यानं.

धरण बारगळलं. माझ्यामुळेच, असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. पण सभेच्या ठरावात माझं वाक्य होतं, ठराव आमच्याच छापखान्यात छापला, मीच ते कागद दुमडले — गावाला काही नको. पंपाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. कोण काढणार?

मामांनी विचारलं, "वाचलास?"

"वाचला."

"मग?"

"नाही ऐकलं त्यांनी."

हे दुसरं खोटं. पहिलं भीतीतून झालं म्हणता येईल कदाचित — याला मी काय म्हणू?

काही वर्षांनी एक तरुण अधिकारी गावात आला. छोटा बंधारा, वरच्या पाड्याला पंप — गावानं बसून ठरवावं, म्हणाला. मी सुट्टीवर आलो होतो, दारातच उभा होतो. मामा खाटेवरून उठलेही नाहीत. "एकदा शान्यासारखं बोललो होतो, साहेब. शेरातल्यांनी आमचा कागद ऐकून फेकला. आता बोलून काय उपेग?" मामांनीच नाही म्हटल्यावर गाव बसलंच नाही. अधिकारी चहा न घेता जीपमध्ये बसला. माझ्या तोंडाशी आलं होतं. जीप वळणाआड जाईपर्यंत तोंडाशीच होतं.

मामा गेले ते हेच मानून, की शहरातली माणसं आपलं शहाणपण ऐकत नाहीत. त्यांनी ऐकायला मी काही वाचलंच नव्हतं.

झालं लिहून. खरं सांगतो, फार बरं वाटतंय. बहीण अजून झऱ्यावरच जाते.