श्रीखंडातली माशी कोणत्या कुळातली?

मंडळी, ठाण्याच्या आपल्या वाचनालयातल्या या फळ्यावर आजची ताजी फजिती डकवतोय.

सकाळी श्रीखंडात करडी माशी पडली. आई म्हणाली, "मासळीबाजारातली असणार! आता पातेलं गाईपुढे."

आगगाडीने मुंबईला जाऊन आणलेलं भिंग मी माशीवर धरलं. "अगं आई, मांसावरच्या माशीच्या पाठीवर तीन काळे पट्टे असतात. हिला चार आहेत. ही साधी घरमाशी, कूळच वेगळं!"

आईने पट्टे मोजले, मान डोलावली. मी लगेच वाटी पुढे केली.

"चारच आहेत हो," ती म्हणाली. "आता इथे येण्याआधी ही कुठे बसली होती, तेही भिंगातून दाखव."

श्रीखंड गाईने खाल्लं. याहून मोठं भिंग कोणाकडे असेल, तर खाली नाव लिहा.